नाथाजीच्या नाकासाठी आणलेला चिरूट

मित्रांनो, मी आता बोटाच्या दोन पेरांएवढा उरलो आहे. पूर्वी वीतभर होतो. करंगळीइतका बारीक, सरळ, आणि रंगाने सुक्या खारकेसारखा फिकट तपकिरी.

मी एक चिरूट आहे.

माणसं आपली गोष्ट जन्मापासून सुरू करतात. मला ते नीट जमणार नाही. माझं ज्या टोकापासून आयुष्य सुरू झालं, त्याच टोकाला मला पेटवलं, आणि ते टोक कधीच राख होऊन उडून गेलं. जे जळलं ते आठवून सांगतो. जे उरलं ते तुमच्यासमोर आहे. मध्ये मी दोनदा विझलो. तिथे गोष्टही थांबेल. विझलेला चिरूट पुन्हा पेटतो, तेव्हा काळजी करू नका.

कोरा

दक्षिणेकडे, दिंडिगलच्या बाजूला, एका कारखान्यात एका बाईने मला लाकडी फळीवर वळलं. कारखान्याचं नाव पेटीवर होतं, माझ्या अंगावर नव्हतं. तिने आतली पानं लांबीत दुमडून ठेवली. हवा जाईल इतकी सैल, आणि मधे पोकळ राहू नये इतकी घट्ट. त्यांना बांधायला एक जाड पान. सगळ्यांवरून जावा बेटातून आलेलं एक पान, इतकं पातळ की त्याची शीर बोटाला लागत नव्हती. मग तिने मला कानाजवळ नेऊन दोन बोटांत हलकेच फिरवलं. आत काही कुरकुरलं नाही. म्हणजे मी फार वाळलो नव्हतो. तिने मला बाजूला ठेवलं आणि पुढचा वळायला घेतला. मला हातात घेऊन ऐकणारी ती पहिली.

त्यानंतर युद्ध सुरू झालं. जावा जपान्यांच्या हातात पडलं आणि तिकडून पानं यायची बंद झाली. आम्ही देवदारी पेटीत बंद राहिलो. वर्षं गेली. पेटीच्या लाकडाचा वास हळूहळू आमच्यात उतरला, आणि आमचा होता नव्हता तो तिखटपणा लाकडाने ओढून घेतला. मी सौम्य झालो.

सौम्य म्हणजे काय, ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यावर आहे. जहाल तंबाखू घसा धरते. डोळ्यांत पाणी आणते, ठसका लावते. तिला ओळखायला नाक लागत नाही, घसा पुरतो. सौम्य चिरुटात हे काही नसतं. त्याच्यात जे असतं ते सगळं वासात असतं. एक वास येतो, तो जातो, त्याच्यामागून दुसरा येतो. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी मी नुसती कोमट हवा आहे.

आमची पेटी एका पलटणीच्या मेसमध्ये गेली. तिथे शमशेर नावाचा शिपाई ताटं मांडायचा. त्याचं गाव सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठी. जेवणं झाली की कप्तान साहेब माझ्या भावंडांपैकी एकाला बाहेर काढत. टोक कापत. पेटवताना काडी दूर धरून आधी नुसती ऊब देत, फिरवत फिरवत. धूर छातीत कधी घेत नसत. तोंडात धरायचा, जिभेवरून फिरवायचा, थोडा नाकावाटे सोडायचा, आणि पुढच्या झुरक्याआधी निवांत थांबायचं. शमशेर खुर्चीमागे उभा राहून हे बघायचा. एकदा साहेबांनी त्याला विचारलं, "तुला कसला वास येतो?" शमशेर म्हणाला, "मला धड सांगता यायचं नाही, साहेब. पण आमच्या गावात एक नाक आहे."

युद्ध संपलं. शमशेर घरी निघाला तेव्हा पेटीत थोडेच चिरूट उरले होते. साहेबांनी मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "त्या नाकाला दे," ते म्हणाले.

ढीग

ते नाक नाथाजीचं होतं.

कृष्णेच्या मळीत, म्हणजे पुराने आणलेल्या गाळाच्या जमिनीत, त्या गावात तंबाखू होते. ती माझ्या नात्यातली, पण स्वभावाने अगदी वेगळी. रांगडी आणि कडक, विडीची. पानं वाळली की दवात मऊ करून वखारीत त्यांचा ढीग रचायचा. वर कडब्याच्या पेंढ्या, त्यावर दगड. ढीग आतून तापतो. त्याला घाम येतो. त्याचा वास रोज बदलत जातो. एका ठरावीक वासाला तो उकलायचा असतो. आधी उकलला तर पान कच्चं. उशीर झाला तर ते आतून कुजतं, आणि कुजकं पान शेजारच्या चांगल्या पानालाही घेऊन बुडतं.

ढीग सावडीचा होता. सावड म्हणजे काही घरांनी मिळून एकमेकांच्या रानात राबायचं. त्या घरांचं वर्षाचं सगळं पान एकाच ढिगात होतं, आणि तो कधी उकलायचा हे एकटा नाथाजी सांगायचा. त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा. बाकी कुणी ढिगाला नाक लावायचं नाही, असा सावडीचा नियम होता. दोन नाकं लागली की दोन तोंडं बोलतात आणि भांडण होतं, म्हणून कुणा जुन्या शहाण्या माणसाने तो घातला असेल. नियम चांगलाच होता. नाथाजीचं नाक होतं तोवर.

त्या वर्षी पौषात नाथाजीला ताप आला. बरेच दिवस राहिला. उतरला तेव्हा त्याच्याबरोबर वासही गेला.

त्याने कुणाला सांगितलं नाही. येईल परत, असं त्याला वाटत होतं. ढीग रचला गेला. रोज सकाळी तो वखारीत जायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि ऊब बघायचा. वाकून हुंगल्यासारखं करायचा. माणसं विचारायची, "कवा?" तो म्हणायचा, "थांबा जरा." हात ऊब सांगत होता. वास सांगत नव्हता.

पहिला भाग

फाल्गुनातली दुपार होती. वखारीपुढच्या लिंबाखाली सावडीतली माणसं बसली होती. शमशेर मिरजेला गाडीतून उतरून बैलगाडीने गावात पोचला तो थेट तिथेच आला.

"आला रं पलटनीचा जावई," जोतीराम म्हणाला. हा सावडीतला तरणा गडी. त्याच्या तोंडाला कधी विसावा नसायचा.

"कसला जावई? ताटं मांडनारा मी," शमशेर म्हणाला. "गोळी येक मारली न्हाई गड्या, पर पुडिंग लय मारलं."

"पुडिंग म्हंजे?"

"तुज्या लग्नातल्या खिरीपेक्षा बरं असतंय."

"माज्या लग्नात खीर नव्हती."

"म्हनूनच म्हनतो."

हसणं थांबल्यावर शमशेर नाथाजीसमोर उकिडवा बसला. दोघं एका वयाचे, एकाच डोहात पोहायला शिकलेले. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून मला काढलं.

"नाथा, ह्यो तुज्यासाठी."

"काय हाय?"

"चिरूट. जावाच्या पानाचा. पलटनीत मी समद्यांना सांगत व्हतो, आमच्या नाथाजीला निस्तं पान हुंगू द्या, कंच्या रानातलं त्ये सांगतो. साहेब म्हनला, मग त्याला ह्यो घेऊन जा."

नाथाजीने मला तळहातावर घेतलं. बघत राहिला. शमशेरला वाटलं, तो खूश झाला. मला मात्र त्याने नाकाशी नेलं नाही.

"घरी वढीन सावकाश," तो म्हणाला.

"घरी कशाला? आमाला बी कळू द्या की," जोतीराम म्हणाला.

नानासो सावडीतला सर्वांत वडीलधारा. तोही म्हणाला, "वढ गा. साहेबाचं पान कसं असतंय, तुज्या त्वांडानं ऐकू."

मग नाही म्हणता येईना. शमशेरने चाकूने माझं टोक कापलं. काडी दूर धरून मला ऊब दिली. "छातीत घिऊ नगंस," तो हळूच म्हणाला. "त्वांडात धर. फिरव. सोड."

पेटलो.

पेटीतल्या इतक्या वर्षांनंतरचा तो माझा पहिला धूर. त्यात जे होतं ते सगळं मी दिलं. आधी कोरड्या गवताचा वास, मग लाकडाचा, मग मागून दुधाची साय. मी घाई केली नाही. एकेक वास पुढे पाठवला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

चेहरा कोरा होता.

त्याने दुसरा झुरका घेतला. थांबला. तिसरा घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग त्याने, चिलीम ओढतात तसं, मला छातीत खोल ओढून घेतलं. कुठलाही धूर असा ओढला की घसा धरणारच. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. काहीतरी कळलं होतं.

"जहाल हाय," तो म्हणाला. "लय जहाल. घसाच धरला."

"साहेबाचं हाय म्हंजे असनारच," नानासोने मान डोलावली.

जोतीरामाने हवेत नाक वर केलं. "मला तर सायीवानी वास आला. जहाल कुटं..."

"तुजं नाक कुनी इचारलं रं?" नानासो म्हणाला. "त्ये देवानं तुला शेंबडासाठी दिलंय."

सगळे खदखदून हसले. जोतीरामही हसला आणि गप्प बसला.

शमशेर हसला नाही. त्याने माझ्या अनेक भावंडांचा धूर खुर्चीमागे उभा राहून घेतला होता. त्याने नाथाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असंल," तो म्हणाला. "येकेक चिरूट येगळा निघतो."

ते खोटं होतं, मित्रांनो. एका पेटीतले चिरूट एवढे वेगळे निघत नाहीत. मित्रासाठी तो ते बोलला.

नाथाजी मला दगडावर चिरडायला निघाला. शमशेरने त्याचा हात धरला. "चिरडू नगंस. तसाच ठेव. आपला आपण विझतो."

विझलो.

दुसरा भाग

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजीच्या पटक्याच्या घडीतून मला त्याच्या बायकोने, राहीबाईने, बाहेर काढलं.

ती अंगणात खापरावर मिश्रीसाठी तंबाखू भाजत बसली होती. आत लेक मनुबाई बाळंतपणाला आलेली. माघात मुलगी झाली होती. खोलीतून बाळंतशेपेच्या धुरीचा वास अंगणापर्यंत येत होता.

तिने मला नाकाशी नेलं. मी विझलेला होतो, टोकाला काळा. तरी तिने मला सावकाश, काळ्या टोकापासून कोऱ्या टोकापर्यंत हुंगलं.

"जोतीरामाची बायकू पान्याला आली व्हती," ती म्हणाली. "म्हनली, तुमी ह्याला जहाल म्हनलासा."

नाथाजी चूळ भरत होता. त्याने आणखी एक चूळ भरली.

"ह्यात जहाल काय हाय, आवं? ह्यो तर..."

ती थांबली. तिला बरंच आधी कळलं होतं. तापातून उठल्यावर करपलेली आमटी तो काही न बोलता जेवला होता. पूर्वी दारातूनच आज चुलीवर काय आहे ते सांगणारा माणूस आता ताटात बघून भाजी ओळखत होता. पण तो बोलत नव्हता, म्हणून तीही बोलली नव्हती.

"राही," नाथाजी म्हणाला. "मला काय बी येत न्हाई."

तिने खापर खाली उतरवलं.

"वास. ताप घिऊन गेला त्यो."

"ठावं हाय मला."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी कुटं बोललासा?"

तो तिच्याजवळ भुईवर बसला. तिच्या हातातून मला घेतलं.

"मी वढतो," तो म्हणाला. "तू सांग. काय हाय ह्यात?"

"मला काय कळतंय साहेबाच्या चिरुटाचं."

"तुला कळतंय त्येच सांग."

तिने खापराखालचा निखारा चिमट्यात धरून दिला.

पेटलो.

"आदी जरा करपट हाय," ती म्हणाली. "कालचं जळकं."

"त्ये जाईल. मग?"

"निवळला आता. कडबा. उन्हात तापल्याला. शाळूचा, मक्याचा न्हवं."

नाथाजीने डोळे मिटले. आता तो मला छातीत घेत नव्हता. तोंडात धरत होता आणि थांबत होता. तिला वेळ देत होता.

"मग?"

"शेंगा भाजून तळहातावर चोळल्या की लाल फोलं उडत्यात बगा. त्येंचा."

"ग्वाड हाय?"

"हाय. पर गुळावानी न्हाई. दूध आटताना भांड्याच्या कडंला साय धरती, ती खरवडली की येतो, तसा. त्याच्या मागनं लाकूड हाय. लांबनं येतंय. लग्नात आमच्या बाबांनी पेटी दिली, तिचं झाकन पैल्यांदा उघडलं तवा आल्याला."

"त्यो मला ठावं हाय," नाथाजी म्हणाला. "आपुन दोघांनीच उघडली व्हती."

मी जळत होतो. सौम्य चिरुटाच्या मध्यावर एक जागा येते. तिथे सगळे वास एकमेकांत मिसळून जातात आणि वेगळे काढता येत नाहीत. त्या जागेसाठीच त्या बाईने मला एवढं निगुतीने वळलं होतं. धूर राहीबाईच्या तोंडावरून गेला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता..." ती म्हणाली. "आता आपल्या बाळीच्या टाळूवानी हाय. तेल लावून, धुरी दिऊन निजवल्यावर येतो त्यो."

नाथाजीने पुढचा झुरका घेतलाच नाही. नात माघात झाली होती आणि त्याचा वास पौषात गेला होता. त्याने तिला मांडीवर घेतलं होतं, जोजवलं होतं. तिचा वास त्याला माहीत नव्हता.

"असा असतो व्हय?" तो म्हणाला.

"असाच. जरा मऊ."

मित्रांनो, माझी भावंडं मोठमोठ्या लोकांच्या हातात जळली. त्यांनी मान हलवली, छान म्हटलं, राख झटकली. माझी खरी चव सांगितली ती मला ओठ न लावलेल्या एका बाईने, आणि ऐकली ती मला हुंगू न शकणाऱ्या एका माणसाने. चिरुटाला याहून जास्त काय हवं असतं, मला माहीत नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर मला चाललं असतं.

वारा फिरला. वखार त्या बाजूलाच होती. राहीबाईने मान वळवली.

"ह्यो ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर त्यो मला बरा वाटत न्हाई."

"कंचा त्यो?"

"वखारीकडनं येतोय त्यो. मागं मधावानी व्हता. मग ताकावानी झाला. आज आंबल्याल्या पेंडीवानी हाय. मला वाटलं, तुमी जानूनच थांबलायसा."

नाथाजी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"कुनाला बोलू नगंस," तो म्हणाला. "मी जातो आन् उकला म्हनतो."

"आन् उकलल्यावर? थर थर हुंगून चांगलं-वाईट येगळं कराया लागतंय. कोन हुंगनार?"

त्याने वखारीकडे बघितलं.

"मी आली असती," ती म्हणाली. "पर बायकांचं नाक चालतंय व्हय तितं?"

तो अनवाणीच निघाला. मी त्याच्या बोटांत तसाच होतो, पेटलेला. त्याला आठवतही नव्हतं.

वखार

दारात आल्यावर त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. वखारीत विस्तव नेत नाहीत. त्याने मला दाराबाहेरच्या दगडावर ठेवलं. तिथून मी सगळं बघितलं.

"उकला," तो म्हणाला.

माणसं या शब्दाची वाटच बघत होती. दगड उतरले. पेंढ्या निघाल्या. वरचा थर उचलला तशी आतून वाफ आली. सगळे मागे सरले, कारण नियम तसा होता. नानासोने एक पान काढून नाथाजीच्या हातात दिलं.

"सांग. ठेवायचं का टाकायचं?"

नाथाजीने ते पान नाकाशी नेलं. पान गरम होतं. रंगाने ठीक होतं. त्याला काहीही म्हणता आलं असतं. ठेवा म्हटलं असतं तर ठेवलं असतं, टाका म्हटलं असतं तर टाकलं असतं. त्या पानामागे सगळ्या घरांचं वर्ष उभं होतं, आणि त्याच्या बापापासून चालत आलेलं नाव. काल माझ्याबाबत तो एकदा खोटं बोलला होता. तेव्हा फक्त माझी चव गेली होती.

त्याने पान खाली केलं.

"मला कळत न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"माजं नाक गेलंय, नानासो. तापातच गेलंय. मी बोललो न्हाई." त्याने पान नानासोच्या हातात परत दिलं. "आता ज्यानं त्यानं आपापलं नाक लावा. खाली बसा आन् हुंगा."

कुणी हललं नाही. जन्मभर पाळलेला नियम एका वाक्याने मोडत नाही.

मग जोतीराम पुढे झाला. गुडघ्यावर बसला, ढिगाच्या कुशीत हात घालून मूठभर पान काढलं आणि तोंड त्यात खुपसलं. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मदला गेलाय," तो म्हणाला. "खालचा बी. वरचा हाय अजून."

नानासोनेही वाकून हुंगलं. आणखी एकाने हुंगलं.

"मला कवाचाच येत व्हता वास," जोतीराम म्हणाला. "लिंबाखाली बसलं तरी यायचा. वाटायचं, तुमी बोलत न्हाई म्हंजे माजंच नाक चुकतंय."

"मला बी," नानासो म्हणाला. एवढंच. मग त्याने तोंड फिरवलं.

मित्रांनो, त्या लिंबाखाली रोज इतकी नाकं बसत होती. वास प्रत्येकाला आला होता. प्रत्येकाने एका नाकावर भरवसा ठेवून आपलं मिटून घेतलं होतं.

दिवसभर ते निवडत बसले. वरचे थर बाहेर उन्हात पसरले. मधला आणि खालचा ढीग पाट्यांनी भरून मळीत नेऊन टाकला. नाथाजी पाट्या उचलत होता. एकदा पाटी डोक्यावर देताना नानासो म्हणाला, "कालचं त्ये जहाल बी मग खोटंच म्हनायचं."

"खोटंच," नाथाजी म्हणाला आणि पाटी घेऊन गेला.

मी दगडावर आपला आपण जळत राहिलो. कुणी झुरका घेत नसलं की चिरूट फार वेळ टिकत नाही.

विझलो.

उरलेला

संध्याकाळी शमशेर आला. त्याने मला दगडावरून उचललं, माझी राख हलकेच झटकली आणि राहीबाईच्या हातात नेऊन दिलं.

"माजीच चूक झाली, वैनी. समद्यांच्या म्होरं वढाया लावला त्याला."

"तुमी आनला म्हनून तर कळलं," ती म्हणाली. "न्हाईतर समदाच ढीग गेला असता."

तिने मला कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर मला कुणी पेटवलं नाही. आधी माझा लाकडाचा वास उडाला, मग साय, मग कडबा. सगळ्यात शेवटी तंबाखूचा. कधी नाथाजी येता-जाता मला उचलून नाकाशी न्यायचा आणि परत ठेवायचा. ना त्याला वास येत होता, ना माझ्याकडे द्यायला होता. आमचं बरं जमायचं.

त्या नुकसानीचे दिवस सगळ्या घरांनी काढले. कुणी नाथाजीला घालून पाडून बोललं नाही, पण लिंबाखाली तो आला की थोडा वेळ गप्पा थांबायच्या. पुढच्या वर्षी ढीग रचताना त्याला पहिली पेंढी ठेवायला बोलावलं नाही. त्यालाही ते बरोबरच वाटलं असावं. तो घरी बसून गुरांसाठी दावं वळत राहिला. वखारीत आता सगळी नाकं लागत होती, आणि त्या जुन्या शहाण्या माणसाला जी भीती होती तसंच झालं. एक म्हणायचा आज, दुसरा म्हणायचा परवा. आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचे.

एका सकाळी जोतीराम मूठ मिटून आला. नाथाजीसमोर येऊन त्याने सवयीने मूठ पुढे केली, आणि मग शरमून मागे घेतली.

"तिच्याकडं दे," नाथाजी म्हणाला.

राहीबाई भाकरी थापत होती. हात पदराला पुसून तिने ते पान घेतलं. बाई माणसाने ढिगातलं पान हुंगायचं, हे जोतीरामाने पहिल्यांदाच बघितलं.

"मधावानी," ती म्हणाली.

"कसला मध?" नाथाजीने विचारलं.

"आग्या मोहळाचा न्हाई. बारक्या माश्यांचा. पातळ."

"आंबूस कुटं लागतोय?"

तिने पुन्हा हुंगलं. डोळे मिटले. "न्हाई. पर कडंला जरा वल हाय. पाऊस पडून गेल्याल्या गंजीवानी."

"मागनं की म्होरनं?"

"मागनं."

दाव्याचा पीळ नाथाजीच्या बोटांत तसाच थांबला होता. बापाने शिकवलेले वास त्याच्या डोक्यात अजून होते, एकूण एक. नाक नव्हतं, एवढंच. ती सांगत होती आणि तो आत कुठेतरी एकेक जुळवून बघत होता.

"उद्याच्याला," तो म्हणाला. "ऊन चढायच्या आदी उकला."

जोतीरामाने मान हलवली. निघाला, आणि उंबऱ्याशी थांबला.

"काकी, उद्या तुमी बी या," तो म्हणाला. "थर बगाया."

राहीबाईने नवऱ्याकडे बघितलं. नाथाजी दावं वळत होता.

"मी येतो तिच्यासंगं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. मी कोनाड्यात होतो, म्हणून तिथे काय झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा तिच्या पदराला तंबाखूची चुरी लागलेली होती, आणि दोघं कुठल्या थरावरून तरी वाद घालत होते.

मित्रांनो, मला पेटवा असं मी कुणालाच म्हणणार नाही. आमच्या जातीने माणसांच्या छातीचं काय केलं ते मी जाणतो. शिवाय चिरुटाचा शेवटचा भाग कडू असतो, आणि माझा तेवढाच उरला आहे. मला असाच राहू द्या. पण तुमचं नाक सांभाळा, आणि ते मिटून घेऊ नका. चार मोठी माणसं गप्प असली तरी तुम्हाला वास आला असेल तर आला आहे. तो सांगा. चुकलात तर कुणी हसेल, तेवढंच. आणि ज्याला वास येत नाही त्याला हसू नका. त्याच्याशेजारी बसा. त्याने विचारलं की घाई न करता सांगा, कशासारखा आहे ते.